कॉलेज रोडमागची अभ्यासिका: फी, खुर्ची, आवाज आणि डोक्याची शांतता

आधी निकाल सांगते, पाचपैकी चार स्टार. चार कशाला दिले आणि एक का कापला ते नीट लिहिते, कारण नाशिकमध्ये सध्या दर दोन गल्ल्या सोडून एक अभ्यासिका निघालीय आणि सगळ्यांच्या बोर्डावर तेच, एसी, वायफाय, लॉकर, आरओचं पाणी, शांत वातावरण. मी जाते ती कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीही आहेत, त्या अभ्यासिका चालवणाऱ्या काकांना तोंडावर सांगून झाल्यात आणि त्यातल्या काही त्यांनी ऐकल्यात पण. नावापेक्षा कुठलीही अभ्यासिका बघायला गेलं की काय काय तपासायचं ते महत्त्वाचं आहे म्हणून मोठं लिहितेय.

साधा हॉल महिना ९०० रुपये, एसी हॉल १३००, लॉकरचे वेगळे १००, डिपॉझिट ५०० ते सोडताना परत मिळतं. सकाळी ६ ला शटर उघडतं ते रात्री ११ पर्यंत, रविवारी पण चालू. मुलींचा हॉल वेगळा आहे. प्रत्येकाची सीट ठरलेली, टेबलावर नंबर आणि नावाची चिठ्ठी, महिनाभर तिथे दुसरं कोणी बसत नाही. चार्जिंग पॉइंट सगळ्यांना आहे. वायफाय ठीक, पण संध्याकाळी सगळे एकदम लेक्चर लावून बसले की अडकतं. इन्व्हर्टरवर पंखे आणि लाईट चालतात, एसी नाही चालत. तीन मराठी पेपर आणि एक इंग्रजी येतो. खुर्च्या बऱ्या आहेत, गादी दबलेली असेल तर काकांना सांगा, ते बदलून देतात.

एवढं वाचून ठरवायचं असेल तर ठरवा. पण मला खरं ह्याच्या पुढचं सांगायचंय.

अभ्यासिकेत येतं कोण हे बघितलं ना की नाशिक कसं राहतंय ते कळतं. पेठ, सुरगाणा, कळवणकडची मुलं आहेत, ती कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत पाच-सहा जण, तिथे फक्त झोपायची जागा मिळते. पोलीस भरतीवाले पहाटे ग्राउंड मारून येतात. सीएची मुलं आहेत. एक ताई आहेत, लग्न झालेल्या, मुलाला शाळेत सोडून येतात आणि शाळा सुटायच्या आत जातात. एक जण सातपूरला कंपनीत आहे, तो कुठलीच परीक्षा देत नाहीये, सेकंड शिफ्टला जायच्या आधी दोन तास येऊन पुस्तक वाचत बसतो, त्याने काकांना सरळ सांगितलं होतं की मला बसायला शांत जागा पाहिजे बाकी काही नाही, आणि काकांनी काही न विचारता सीट दिली. ह्या एका गोष्टीसाठी माझा एक स्टार आहे.

आता माझं घर. आम्ही पवननगरला, सिडकोच्या जुन्या योजनेतलं घर. खाली एक खोली आणि किचन, वरती नंतर चढवलेली एक खोली. माणसं सहा. पप्पा अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट दर आठवड्याला फिरते. थर्ड शिफ्ट असली की सकाळी साडेसातला येतात, आंघोळ करून तिथेच खालच्या खोलीत झोपतात आणि मग दुपारपर्यंत सगळं घर दबक्या पावलाने चालतं. आई ब्लाऊज शिवते, तिचं मशीन बंद. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजते. दादाचा मुलगा दोन वर्षांचा आहे, तो रडायला लागला की वहिनी त्याला कडेवर घेऊन बाहेर गल्लीत जाऊन उभी राहते, उन्हात सुद्धा. पाणी पहाटे येतं, मोटर लावायला कोणीतरी उठायलाच लागतं, बहुतेक आई उठते, म्हणजे तिची झोप कधीच पूर्ण नाही. आणि ज्या आठवड्यात पप्पांना फर्स्ट शिफ्ट असते त्या आठवड्यात ते रात्री नऊला झोपतात, तर लाईट बंद, मग मी किचनच्या ओट्याशी मोबाईलच्या उजेडात.

ह्यात कोणी वाईट वागत नाही. सगळे एकमेकांना सांभाळूनच घेतात. पण दिवसभर सांभाळून घेतल्यावर संध्याकाळी कोणाचं तरी सटकतंच, भांडण होतं ते चार्जर कोणी काढला नाहीतर बादली कोणी रिकामी केली ह्यावरून, आणि मग सगळे चिडीचूप, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कानात इयरफोन. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल मोबाईलमुळे घरं तुटतायत. मला तसं नाही वाटत. भिंत नाहीये ना मधे कुठली, म्हणून माणूस इयरफोनची भिंत करतो.

ह्याच्यावर पुण्यातच अभ्यास झालेला आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. अमेरिकेतले गॅरी इव्हान्स आणि पुणे विद्यापीठातले मानसशास्त्राचे म. न. पलसाने ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर हे काम केलं. १९८९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी घरातल्या कर्त्या पुरुषांना विचारलं होतं, आणि दिसलं असं की घरात खोलीमागे माणसं जितकी जास्त तितका मनाचा त्रास जास्त, पण तो सरळ नाही येत, मधे एक पायरी आहे. दाटीमुळे माणसं एकमेकांपासून आत आत सरकतात, एकमेकांचा जो आधार असतो तो झिजतो आणि त्यामुळे त्रास वाढतो. मग १९९८ मध्ये कामगार घरांतल्या १० ते १२ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास आला. दाटीच्या घरातली मुलं शाळेत जास्त अडखळत होती, वागण्यात आणि मार्कांत दोन्हीकडे, आई-बापाशी खटके जास्त. मुलग्यांचं बीपी वाढलेलं. आणि मुलींचं असं की एक न सुटणारं कोडं दिलं की पुढचं सुटण्यासारखं असलं तरी त्या हात टेकत होत्या.

हे शेवटचं मी वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. कारण ही उमेद जाण्याची गोष्ट आहे ना, ती आमच्या हॉलमध्ये बसलेल्या कितीतरी मुलींनी मला वेगळ्या शब्दांत सांगितलीय. घरी गणित घेऊन बसलं की दुसऱ्या स्टेपला कोणीतरी हाक मारतं, मग परत पहिल्यापासून, मग परत हाक, मग एक दिवस गणिताचं पुस्तकच उघडायचं नाही. आणि घरचे, शेजारचे, सगळे म्हणणार मन खंबीर ठेव, मेडिटेशन कर, सकारात्मक विचार कर. मेडिटेशन करायला बसायचं कुठे ते पण सांगा. २०११ च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के घरं एका खोलीची होती. शंभरातल्या सदतीस घरांना दार लावून बसणे ही गोष्टच नाहीये, आणि आपण तिथल्या माणसांच्या स्वभावावर बोलत बसतो.

तर मी ९०० रुपये देते ते टेबलाचे नाही देत. ती चिठ्ठी आहे ना नावाची टेबलावर, त्याचे देते. मी उठून पाणी प्यायला गेले तरी ती जागा माझी असते, पेन जिथे ठेवलं तिथेच सापडतं. पहिले काही आठवडे मला नुसतं गप्प बसावंसं वाटायचं, पुस्तक उघडं आणि मी खिडकीकडे बघत. शेजारच्या सीटवरची ताई म्हणाली, अगं सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं, बस तशीच, आपोआप वाचायला लागशील. तसंच झालं. अभ्यास वाढला का नाही ते निकाल लागेल तेव्हा कळेल, पण घरी झालेला फरक आत्ताच सांगता येतो. मी रात्री घरी जाते तेव्हा मला आईशी बोलावंसं वाटतं. तिच्याजवळ बसून हुकं लावून देते, ती दिवसभराचं सांगते, मी ऐकते. आधी ती बोलायला लागली की मला आणखी एक आवाज वाटायचा. हा फरक घरात एक माणूस दिवसभर कमी झाल्याचा आहे, बाकी आमच्यात कोणी बदललं नाही.

आता आवाजाचं, कारण बोर्डावर शांत वातावरण लिहिलेलं असतं ते नेमकं कुठे शांत हे विचारून घ्या. ह्या अभ्यासिकेत एसी हॉल रस्त्याकडे आहे आणि साधा हॉल मागच्या बाजूला. जास्त पैसे देऊन जास्त आवाज, असा उलटा प्रकार आहे. संध्याकाळी रस्त्याकडच्या हॉलमध्ये मोबाईलच्या अॅपवर ७० डेसिबलच्या आसपास येतं, अॅपचा आकडा अगदी काटेकोर नसतो पण मागच्या हॉलमध्ये तेच अॅप ५० च्या खाली दाखवतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ ची मर्यादा दिलीय. ती नाशिकमध्ये मेन रोडला लागून राहणाऱ्या किती लोकांच्या घरात पाळली जाते ते ज्याने त्याने आपल्या खिडकीत उभं राहून बघावं. त्यात आता कुंभमेळ्याची कामं, रस्ते खोदलेले, ब्रेकर चालू, डंपर चालू, सिंहस्थ २०२७ चा पण धूळ आणि आवाज आत्तापासून.

सवय होते असं लोक म्हणतात. कानाला होत असेल, डोक्याला होत नाही. न्यूयॉर्कला अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी ह्यांनी १९७५ मध्ये एका शाळेचा अभ्यास मांडला होता. शाळेला लागूनच उंचावरून जाणारी रेल्वे, त्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात मागे आणि त्याच शाळेत पलीकडच्या शांत बाजूची मुलं पुढे. मग रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं, आणि १९८१ मध्ये परत बघितलं तर तो फरक गेलेला होता. शाळा तीच, फक्त आवाज कमी केला. नाशिकरोडला रुळांच्या कडेला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली म्हणजे मला हुशार नाही म्हणत होते तेव्हा कोणी गाडीचं टाइमटेबल बघितलंच नाही.

अजून एक प्रयोग आहे, १९७० च्या आसपासचा, डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर ह्यांचा. लोकांना मधूनच कधीही येणारा कर्कश आवाज ऐकवला, त्यातल्या काहींना एक बटण दिलं की फारच झालं तर दाबा आवाज बंद होईल, शक्यतो दाबू नका. त्यांनी बहुतेक दाबलंच नाही, तरीसुद्धा आवाज संपल्यावर दिलेल्या कामात बटणवाले जास्त वेळ टिकले. आवाज दोघांनी तेवढाच ऐकला होता. म्हणजे आपल्या हातात काहीतरी आहे एवढं माहीत असणं सुद्धा पुरतं. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला डीजे चालू असतो तेव्हा जे होतं ते नुसत्या आवाजाने नाही होत, आपण जाऊन सांगितलं तर उद्या वाद होईल ह्या भीतीने होतं. अभ्यासिकेत कोणी फोनवर बोललं तर काका दोन मिनिटांत येऊन खांद्यावर हात ठेवतात, बाहेर जा बेटा म्हणतात. मला हे एवढं हलकं वाटायचं कारण तेच असावं, इथे बटण आहे.

आता तक्रारी.

पहिली, खिडक्या. मागच्या हॉलला तीन खिडक्या आहेत, त्यातल्या दोन कायम बंद, कारण शेजारी रिकामा प्लॉट आहे आणि तिथे अख्ख्या गल्लीचा कचरा. पावसाळ्यात वास, डास, कुत्री. काकांनी खिडक्यांना काळा कागद चिकटवून टाकलाय. त्यामुळे दिवसा बारा वाजता सुद्धा ट्यूबलाइट आणि बाहेर ऊन आहे का पाऊस ते कळत नाही, पाच वाजता बाहेर आलं की डोकं जड. प्लॉट काकांचा नाही हे मान्य, पण गल्लीतल्या चार जणांनी मिळून मागे लागण्यासारखं हे काम आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात ५४१ अशा पडीक जागा घेऊन मुद्दाम प्रयोग केला होता, काहींवरचा कचरा काढून गवत, थोडी झाडं, बुटकं कुंपण, काही नुसत्या साफ केल्या, काही तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये निकाल छापला. जिथे हिरवं केलं तिथे आजूबाजूला राहणाऱ्यांत मन उदास वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण, तशाच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत, ४१ टक्क्यांहून जास्त घटलं, आणि गरीब वस्त्यांत तर ६८ टक्क्यांहून जास्त. कोणाला गोळी दिली नाही, कोणाला समुपदेशनाला बसवलं नाही. नाशिकच्या तपोवनातल्या, कुंभमेळ्यासाठी तोडायच्या म्हटलेल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा विकासाला विरोध म्हणून त्यांना नावं ठेवणारे खूप होते, त्यांना हा आकडा सांगायला पाहिजे होता. मी दुपारी डबा खाऊन कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक चक्कर मारून येते, तेवढ्यावर दुसरी बैठक निघते. कचऱ्याशेजारी बसून निघत नाही.

दुसरी तक्रार, भिंतीवरचे फोटो. जिन्यातून वर आलं की समोर आमचे यशस्वी विद्यार्थी, हार घातलेले, पदनामासकट. मला त्या मुलांचं कौतुक आहेच. पण रोज येता-जाता दिवसातून दहा वेळा तेच बघायचं आणि त्याच्या शेजारी परीक्षेचं वेळापत्रक, ज्यातली तारीख कधी पुढे जाईल सांगता येत नाही, हे फार जाचतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आयबीपीएस म्हणजे बँक भरतीची परीक्षा आणि एमपीएससी एकाच दिवशी आली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाला २५ ऑगस्टची परीक्षा पुढे ढकलावी लागली. मागणी बरोबरच होती, पण पुढे ढकलली म्हणजे कॉट बेसिसवाल्याला अजून भाडं, अजून मेस, घरून अजून पैसे मागायचे, आणि घरी द्राक्षाचं किंवा कांद्याचं वर्ष कसं गेलंय ते त्याला माहीत असतं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कांदा निर्यातबंदी लागली ती मे २०२४ पर्यंत, त्या काळात निफाडकडच्या एका मुलाने सीट सोडली आणि लॉकरची किल्ली परत करताना काकांना म्हणाला भाव आला की येतो. लासलगावच्या बाजारातल्या कांद्याच्या भावावर इथल्या सीटचा हिशोब असतो. ह्याला अभ्यासाचं टेन्शन म्हणणं मला पटत नाही, हे पैशाचं टेन्शन आहे, ते अभ्यासिकेत येऊन बसतं एवढंच.

सरकारी आकडे फार कोरडे असतात तरी एक लिहिते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यात महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. देशभरातले विद्यार्थी १३,०४४ आणि गृहिणी २५,३०९. विद्यार्थ्यांवर निदान चर्चा होते. गृहिणींवर कोण बोलतं? मला तो आकडा वाचून वहिनी आठवते, कडेवर पोर घेऊन उन्हात उभी असलेली, तिला कुठली अभ्यासिका नाही. ती म्हणाली होती मला पण एक सीट घे ना, नुसती बसेन. आम्ही हसलो नाही कोणीच, कारण ती खरंच म्हणत होती. आता रविवारी दुपारी दादा मुलाला घेऊन पांडवलेणीच्या पायथ्याला जातो आणि वहिनीला वरची खोली तीन तास एकटीला मिळते. दार लावून. काय करतेस विचारलं तर म्हणे काहीच नाही, आणि चेहरा बघा तिचा संध्याकाळी.

मदत मागायची असेल तर टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. हा नंबर आमच्या नोटीस बोर्डवर नव्हता, मुलींनी मिळून प्रिंट काढून जिन्यात आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला, तिथे वाचताना कोणी बघत नाही म्हणून. काकांनी लावू दिला. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत, कोचिंग क्लास धरून, निदान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे. अभ्यासिका म्हणजे शिकवणारी संस्था नाही, नुसत्या खुर्च्या, त्यामुळे आमच्यासारखी घरून एकेकटी तयारी करणारी मुलं ह्याच्या बाहेर राहतात. समुपदेशक हवाच. पण मला असं पण वाटतं की त्याने पहिला प्रश्न विचारावा तो झोपतोस कुठे, खोलीत किती जण, जेवण कुठलं, भाडं कोण देतं हा. देशात २०१५-१६ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने, मोठी पाहणी केली, त्यात मोठ्या महानगरांत मानसिक आजारांचं प्रमाण १३.५ टक्के आणि खेड्यात ६.९ टक्के निघालं. शहरात येऊन माणसाचं मन एकाएकी कमजोर होत नाही. राहण्याची जी तऱ्हा वाट्याला येते तिचा तो हिशोब आहे.

तिसरी तक्रार आणि जो एक स्टार कापलाय तो मुख्यतः ह्यासाठी, मुलींच्या हॉलची वेळ. मुलांना रात्री ११, मुलींना ८. कारण विचारलं तर सेफ्टी. काळजी खरी आहे, गल्लीत दोन खांब आहेत आणि त्यातला एकच लागतो. पण मग उपाय दिवा लावण्याचा आहे, मुलींना तीन तास आधी घरी पाठवायचा नाही. आठ वाजता म्हणजे नेमकं जेव्हा घरी स्वयंपाक, टीव्ही, पोरं, सगळं एकदम चालू असतं तेव्हा आम्ही परत. फी तेवढीच. आम्ही काकांना म्हटलं, दिव्याची तक्रार महापालिकेकडे आम्ही टाकतो, तुम्ही वेळ साडेनऊ करा, ज्यांना सिटीलिंकच्या बसने जायचंय त्या एकत्र निघतील. ते विचार करतो म्हणालेत. तोपर्यंत चारच स्टार.

बाथरूमबद्दल, मुलींचं एकच आहे, स्वच्छ असतं सकाळी, दुपारनंतर नाही. डस्टबिन ठेवायला सांगितलं, ठेवली. दिसायला हे बारीक आहे पण ज्या मुली बाथरूम टाळायचं म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत त्यांना विचारा डोकं किती दुखतं ते.

फीबद्दल अजून एक. ९०० रुपये मला परवडतात कारण मी सकाळी कॅनडा कॉर्नरला एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात अर्धा दिवस काम करते. ज्यांना परवडत नाहीत त्यांनी काय करायचं? नाशिकला १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, एवढ्या जुन्या काळी लोकांना वाटलं की गावात सगळ्यांनी बसून वाचण्याची एक जागा पाहिजे. महापालिकेच्या पण अभ्यासिका आहेत काही ठिकाणी, त्या चांगल्या चालल्या तर माझ्यासारखीने हा रिव्ह्यू लिहायची गरजच पडली नसती. प्रत्येक प्रभागात एक हॉल, खिडक्या उघडणारा, रात्री उशिरापर्यंत, परीक्षा देणाऱ्यांनाच नाही तर कंपनीतून आलेल्या माणसाला, वहिनीला, शाळेतल्या पोराला, कोणालाही. निवडणुकीत कमानी आणि बाकडी मागतो आपण, हे पण मागा. मानसिक आरोग्य म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर हॉस्पिटल येतं, पण एक शांत हॉल, एक लागणारा खांब आणि एक साफ केलेला प्लॉट ह्याला हॉस्पिटलएवढा खर्च नाही येत.

तर घ्यायची असेल तर अशी घ्या. आधी संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा, सकाळी सगळ्याच अभ्यासिका शांत असतात. रस्त्याकडचा एसी हॉल घेऊ नका, मागचा साधा घ्या आणि उघडणाऱ्या खिडकीच्या रांगेतली सीट मागा, ती मिळत नसेल तर वेटिंगला नाव टाका, काका लिहून ठेवतात आणि फोन करतात. लॉकर घ्याच, घरी पुस्तकं ठेवायला जागा नसेल तर शंभर रुपयांत तो प्रश्न मिटतो. मुलींनी वेळेचं आधी विचारा आणि मी पण विचारलंय हे सांगा, चार जणी विचारतील तेव्हा बदलेल. अगदी शेवटच्या रांगेतल्या भिंतीकडच्या सीटा पावसाळ्यात नको, तिथे ओल येते, वह्यांना वास लागतो, काका दिवाळीनंतर वॉटरप्रूफिंग करतो म्हणालेत. झालं की मी इथेच लिहीन, आणि वेळ साडेनऊ झाली तर पाचवा स्टार पण टाकेन.